आंतून लावतां येणारें दार

सिंहस्थाच्या पर्वकाळीं रामकुंडाच्या कांठीं उभें राहिलें म्हणजे दृष्टि पोहोंचेल तेथवर माणसांचीं मस्तकेंच दिसतात. त्या समुदायांत कोणी कोणास ओळखत नाहीं. आणि आमच्या मतें तीर्थयात्रेच्या समाधानाचा मोठा भाग या अनोळखीपणांतच सांठविलेला असतो. सावकार व कर्जदार, अधिकारी व शिपाई आपापलीं बिरुदें कांठावर ठेवून एकाच पाण्यांत उतरतात. परंतु याच गर्दीचें भीषण रूपहि नाशिककरांनीं पाहिलें आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजीं पर्वणीच्या दिवशीं चेंगराचेंगरी होऊन ३९ यात्रेकरू मृत्युमुखीं पडले. गर्दीवर नजर नसली तर काय होतें, याचा याहून कठोर धडा तो कोणता? म्हणून गर्दी मोजण्याच्या यंत्रांबद्दल सरसकट कुरकुर करणें आम्हांस शोभणार नाहीं.

या मोजणीचा एक सुंदर प्रयोग नाशकांतच झाला. येथल्या एका शाळकरी मुलानें पायांच्या दाबावरून माणसें मोजणारी चटई तयार केली, आणि २०१५ च्या सिंहस्थांत ती वापरून पाहण्यांत आली. अमुक वाटेनें किती माणसें गेलीं, एवढेंच ती सांगते. तिला पाऊल कळतें, माणूस कळत नाहीं. आतां मात्र चेहरा टिपून त्याचें नांव शोधणारे कॅमेरे निघाले आहेत. जीव वांचविण्यासाठीं गणना पुरेशी असते. ओळख पटविणें ही त्यापुढची पायरी आहे, आणि ती चढण्यापूर्वीं थोडा विचार करणें अवश्य आहे.

माणसाची नोंद ठेवणें हेंच मुळांत वाईट, असें आम्ही म्हणत नाहीं. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील क्षेत्रोपाध्यायांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. यात्रेकरूनें आडनांव व मूळ गांव सांगितलें कीं वही निघते, आणि पणज्याच्या हातची सही पाहून पणतवाचे डोळे भरून येतात. त्या वहींत घराण्याचा सारा विस्तार असतो. तरी तिचें भय कोणास वाटलें नाहीं. कारण मजकूर ज्याचा, त्यानेंच तो आपल्या मुखानें सांगितलेला असतो, आणि वही उघडते ती त्या कुळांतला कोणी दारीं आला म्हणजे.

वहीपासून यंत्रापर्यंतचा प्रवासहि नाशिककरांना घरबसल्या पाहतां येतो. नाशिकरोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्यें देशाचे पासपोर्ट छापले जातात. नव्या पासपोर्टांत एक चिप बसविलेली असते. तींत धारकाचा तपशील व चेहऱ्याचें चित्र असतें. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें ही चिप वाचावयाची तर पुस्तिका उघडून पानावर छापलेल्या अक्षरांतून आधीं किल्ली मिळवावी लागते. म्हणजे साधन बदललें, तरी मर्यादा तीच राहिली: ज्याची ओळख, त्यानें ती उघडून दाखवावी आणि पुन्हां मिटून खिशांत ठेवावी.

परंतु आतां तांदळाच्या दाण्याएवढी चिप माणसाच्या कातडीखालीं बसविण्याची विद्याहि निघाली आहे. अमेरिकेच्या औषध-नियामकांनीं २००४ मध्यें अशा एका चिपेस वैद्यकीय नोंदींच्या कामीं मान्यता दिली. पुढें २०१७ मध्यें विस्कॉन्सिन राज्यांतील एका कंपनीच्या सुमारें पन्नास नोकरांनीं दारें उघडण्यासाठीं व खाद्यपदार्थांचे पैसे चुकते करण्यासाठीं ती हातांत बसवून घेतली. तेथें सक्ती नव्हती. त्या राज्यानें २००६ मध्येंच अशा सक्तीस कायद्यानें मनाई केली होती. शिवाय या चिपेंत विजेरी नसते. वाचकयंत्र अगदीं जवळ आणल्यावांचून ती बोलत नाहीं, आणि माणूस कोठें आहे हें दुरून सांगण्याची शक्ति तिच्यांत नाहीं. ती शक्ति आपण हौसेनें खिशांत बाळगतों त्या मोबाइलांत आहे. तेव्हां चिपेविषयींचें पुष्कळसें भय अज्ञानमूलक आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. पासपोर्ट घरीं ठेवून बाहेर पडतां येतें. हात घरीं ठेवून बाहेर पडतां येत नाहीं. जी ओळख धारकाला मिटतां येत नाहीं, तिचा मालक कोण, हा प्रश्न उरतोच.

आणि अशी ओळख अंगावर वागविण्यास कातडीला छेद द्यावा लागतो असेंहि नाहीं. नागपुरांत २०१८ च्या सुमारास महानगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या मनगटांवर उपग्रहाच्या साह्यानें ठावठिकाणा कळविणारीं घड्याळें आलीं. खोट्या हजेरीस आळा घालणें हा हेतु वावगा म्हणतां येणार नाहीं. परंतु चंडीगडास अशाच घड्याळांविरुद्ध कामगारांनीं निदर्शनें केलीं, तीं उगीच नव्हेत. रस्ता झाडणाऱ्या बाईनें क्षणभर कोठें विसावा घेतला हें ज्या घड्याळास सांगतां येतें, तें तिच्या वरिष्ठांच्या मनगटावर कां नसतें? पाळत ही पाण्यासारखी आहे. ती उतारानें वाहते आणि सर्वांत खालीं उभा असलेल्यास आधीं भिजविते.

महाराष्ट्रास हा अनुभव नवा नाहीं. गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कायदा १९११ मध्यें विस्तारला गेला व मुंबई इलाख्यासहि लागू झाला. सोलापुरास तारेच्या कुंपणांत वसाहत उभी राहिली. जन्मावरून ठरविलेल्या ‘गुन्हेगारांना’ ठराविक वेळीं हजेरी द्यावी लागे. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला. पण ज्यांनीं गुन्हाच केला नव्हता अशांच्या पिढ्या तोंवर हजेरी देऊन गेल्या होत्या. हजेरी घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांना आपण सुधारणेचें पुण्यकार्य करीत आहों असेंच वाटत होतें, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

‘ज्याचें मन स्वच्छ, त्यास भय कशाचें?’ असा प्रश्न सुशिक्षितांच्या बैठकींत हटकून निघतो. आम्ही उलट विचारतों: माणूस दार लावून पूजा करतो, रडतो, पत्नीशीं बोलतो, आपल्या चुकीबद्दल देवाची क्षमा मागतो, यांतलें लपविण्याजोगें पाप कोणतें? शिवाय नीतीचा उगमच एकांतांत आहे. कोणी पाहत नसतां जो सांपडलेलें पाकीट परत करतो, तो प्रामाणिक. सदोदित नजरेखालीं वागणारा कदाचित्‌ शिस्तशीर होईल. परंतु त्याला चांगलें होण्याची संधीच आपण हिरावून घेतलेली असते. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमतानें दिला, त्याचें महत्त्व येथें आहे. मात्र कायदा सरकारला आवरील. आपल्या घरांतल्या पाळतीला कोण आवरणार?

कारण आतां पाळत ठेवणारे आपणहि आहों. गृहसंकुलाच्या फाटकावर धुणेंभांड्यांची बाई किती वाजतां आली व किती वाजतां गेली, हें आपल्या मोबाइलवर उमटतें. तिला आपल्याविषयीं असें कांहींच कळत नाहीं. कॉलेजांत जाणारी मुलगी नकाशावरचा एक ठिपका झाली आहे, आणि तो ठिपका जरा थांबला कीं आईचा जीव कासावीस होतो. ती काळजी खोटी नाहीं. पूर्वींची आई दिवेलागणीस दारांत उभी राही. मुलगी आली कीं ‘कोठें होतीस?’ असें विचारी, आणि मुलगी खरें सांगे किंवा न सांगे. खरें सांगण्यास मुलीला वाव होता, आणि विश्वास ठेवण्यास आईला. आतां प्रश्नच उरला नाहीं, म्हणून उत्तर देण्यांतला खरेपणाहि उरला नाहीं.

यासाठीं आम्हांस एक साधी कसोटी सुचते. कोणतीहि नोंद पाहावी आणि विचारावें: ज्याची ही नोंद आहे, त्याला ती केव्हां उघडते हें कळतें काय? ती मिटणें त्याच्या हातीं आहे काय? आणि तीच आपल्यावर ठेवली तर आपण ती मान्य करूं काय? उपाध्यायांची वही या कसोटीस उतरते, पासपोर्टहि बराचसा उतरतो, आणि नांव न विचारणाऱ्या चटईस तर कसोटीचें भयच नाहीं. मनगटावरचें घड्याळ उतरत नाहीं. घरांतला ठिपका उतरतो कीं नाहीं, हें प्रत्येकानें आज रात्रीं जेवतांना आपल्या मुलांनाच विचारावें. आणि तीं काय सांगतात तें ऐकून घ्यावें.