रोग्याची उलटतपासणी

कोणत्याही आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, असे अभय आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदाने दिले आहे. चोरीचा आळ आलेल्या माणसासही वकील मिळतो, आणि वकीलपत्र घेण्यापूर्वी तो त्यास नीतीचे प्रवचन ऐकवीत नाही. परंतु एखादा अविवाहित तरुण लघवीची आग किंवा गुह्यभागावरील व्रण घेऊन दवाखान्याची पायरी चढला, की औषधापूर्वी त्यास आपल्या चारित्र्याचा जबाब द्यावा लागतो. आरोपीस जे अभय आहे ते रोग्यास का नसावे, असा आमचा प्रश्न आहे.

सुरतेचेच उदाहरण घेऊ. तेथील यंत्रमागांवर आणि हिरे घासण्याच्या कारखान्यांत परगावचे असंख्य तरुण राबतात. कोणी ओडिशातील गंजामचा, कोणी आमच्या खानदेशातला. लिंबायत-उधन्याच्या वस्त्यांत तर अहिराणी सहज कानी पडते. घर गावी, आणि लग्न झाले असल्यास बायकोही बहुधा गावीच. मागावरची पाळी बारा तासांची. केसपेपरची खिडकी उघडते तेव्हा हा तरुण मागावर तरी असतो, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेला तरी असतो. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. ती बुडवून तो गेलाच, तर दहा माणसांदेखत ‘काय होतंय?’ असा प्रश्न येतो, आणि मागे उभा असलेला त्याच्याच गावचा निघतो. मग तो ‘ताप आहे’ म्हणतो व तापाच्या गोळ्या घेऊन परततो.

पुढे त्याची गाठ भिंतीवरच्या जाहिरातीतील भोंदू वैद्याशी पडते. १९५४च्या कायद्याने कामशक्तीच्या व गुप्तरोगांच्या औषधांची जाहिरात करण्यास मनाई केली. तरी लोहमार्गालगतच्या भिंती त्या कायद्यास जुमानीत नाहीत. हा भोंदू त्यास लुबाडतो हे खरे. पण आधी ‘या, बसा’ म्हणतो, हेही खरे.

मराठी वाचकांस हा विषय नवा नव्हे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. वाचकांच्या लाजऱ्या प्रश्नांना त्यांनी उपदेश न करता माहिती देऊन उत्तरे दिली. त्या उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. आंबेडकर त्यांच्या बचावास उभे राहिले, तरी दंड टळला नाही. वीर्य गेले की शरीर खंगते, ही निराधार धास्ती आजही कित्येक तरुणांस पोखरीत असते. तेथे औषधही लागत नाही. कोणी शांतपणे दोन शब्द सांगितले तरी पुरते.

कोणी म्हणेल, दार असे सताड उघडले तर स्वैराचारास उत्तेजन मिळेल. शरम ही समाजाची पहारेकरीण आहे. संयमाचे मोल आम्हीही जाणतो. परंतु रोग घरात शिरल्यानंतरही ही पहारेकरीण दारात उभी राहिली, तर ती घराचे नव्हे, रोगाचेच रक्षण करते. शिवाय शिक्षा कोणास होते ते पाहावे. सणासुदीला गावी गेलेल्या तरुणाबरोबर त्याचा दडविलेला उपदंशही जातो, आणि तो निरपराध पत्नीस, प्रसंगी तिच्या पोटातील अर्भकासही गाठतो. निरपराध्यास दंड करणारी नीती आम्हांस नीती वाटत नाही.

कायद्याने काही पाऊल टाकले आहे. २०१७ साली संमत होऊन २०१८च्या सप्टेंबरात अमलात आलेल्या एचआयव्हीविषयक कायद्याने तपासणीपूर्वी रोग्याची समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक केली व गुप्ततेचे बंधन घातले. गुप्तरोगांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत. २०१४ साली सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. पण वीस-बावीस वर्षांचा अविवाहित मजूर त्या कार्यक्रमाच्या वयात बसत नाही, आणि कुटुंबनियोजनवाल्यांच्या जोडप्यांच्या यादीतही बसत नाही. शिवाय कायदा डॉक्टरांच्या ओठांवर मोहोर लावू शकेल. खिडकीवरच्या माणसाची वर गेलेली भुवई तो खाली आणू शकत नाही.

त्यासाठी हवे ते फार खर्चाचे नाही. पाळी सुटल्यावर उघडे असलेले दार, नावाऐवजी क्रमांकाने हाक, आडोशाची खोली, आणि उडिया किंवा अहिराणीत बोलणारा एखादा समंजस पुरुष. याच्या मोबदल्यात तरुणानेही एक कर्तव्य पाळले पाहिजे: औषध पुरते घ्यावे, आणि जोडीदारासही उपचारास आणावे. ज्यास आदराने वागविले, त्याच्याकडूनच हे मागता येते.

१९९४च्या प्लेगनंतर सुरतेने आपले रस्ते झाडून काढले. एका गल्लीतील घाण साऱ्या शहरास भोवते, हे तिला पटले होते. दडविलेल्या रोगाचीही गत तीच आहे. हे पटण्यासाठी सुरतेने, किंवा आपण कोणीही, दुसऱ्या साथीची वाट का पाहावी?