कायक्लेश आणि त्याग

एखाद्या मनुष्याच्या ठिकाणीं असामान्य गुण असला, तर तो गुण त्याचा स्वतःचा कीं जगाचा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. एखाद्या गायिकेनें ऐन भरांत गाणें सोडलें, एखाद्या कवीनें चाळिशींतच लेखणी खालीं ठेविली, म्हणजे आपण हळहळतों. आणि त्या हळहळींत पुष्कळदां एक न बोललेला आरोप असतो. त्यांनीं आपलें कांहीं तरी बुडविलें, देणें असतां दिलें नाहीं, असा तो आरोप. त्यांत न्याय किती आणि लोभ किती, हें पाहण्यासाठीं आम्ही एक दूरचें उदाहरण घेत आहों. तें अमेरिकेंतील आहे, आणि एका खेळाचें आहे. खेळासारख्या क्षुल्लक गोष्टीवरून नीतीचा विचार तो काय करावयाचा, असें ज्या वाचकांस वाटेल, त्यांनीं थोडा धीर धरावा.

बेसबॉलमधील 'पिचर' हा आपल्या क्रिकेटमधील गोलंदाजाचा चुलतभाऊ. पण तो धांवत येत नाहीं. ६० फूट ६ इंच अंतरावरील एका लहानशा उंचवट्यावर उभा राहून तो चेंडू फेकतो, आणि चेंडू जमिनीला न टेकतां फलंदाजापर्यंत जावा लागतो. कोंपर वांकवून फेकणें क्रिकेटमध्यें निषिद्ध. येथें तोच झटका सगळ्या विद्येचें मूळ आहे. १९६० च्या दशकांत एका सामन्यांत असे शंभराहून अधिक चेंडू टाकावे लागत, आणि तीन दिवसांच्या विश्रांतीनंतर पुन्हां तितकेच. मनुष्याचें कोंपर ह्या कामासाठीं घडविलेलें नाहीं. त्यामुळें पिचरचा व्यवसाय म्हणजे आपल्या सांध्याचें भांडवल मोडून कीर्ति विकत घेण्याचा व्यवहार होय.

सँडी कोफॅक्स हा १९३५ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत एका ज्यू कुटुंबांत जन्मला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं डॉजर्स नांवाच्या संघानें त्याला घेतलें. तेव्हांच्या नियमाप्रमाणें मोठी उचल दिलेल्या मुलाला दोन वर्षें मुख्य संघांतच ठेवावें लागे. म्हणून लहान संघांतून खेळून शिकण्याची संधि त्याला मिळालीच नाहीं. डाव्या हाताचा वेग विलक्षण, पण चेंडू कोठें जाईल ह्याचा नेम नाहीं. पहिल्या सहा वर्षांत ३६ सामने जिंकले व ४० हरले. १९६० च्या अखेरीस खेळ सोडून द्यावा, असें त्याच्या मनानें घेतलें होतें. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें आम्हांस तिचें काम पडणार आहे.

१९६१ च्या वसंतांत नॉर्म शेरी ह्या त्याच्या सहकाऱ्यानें त्याला सांगितलें कीं, इतक्या जोरानें फेकूं नकोस. उपदेश साधाच, पण तो वेळेवर मिळाला आणि ऐकला गेला, हें दोन्ही दुर्मिळ. पुढील सहा वर्षांत त्याच्या तोडीचा पिचर अमेरिकेंत नव्हता, असें म्हणण्यास हरकत नाहीं. १९६३ सालीं त्यानें २५ सामने जिंकले व केवळ ५ गमावले. १९६५ सालीं ३८२ फलंदाजांना त्यानें चेंडू न मारूं देतां परत धाडलें. विसाव्या शतकांत तोंवर इतकी संख्या कोणीं गांठली नव्हती. त्याच वर्षीं ९ सप्टेंबर रोजीं शिकागोच्या संघाचे २७ गडी आले आणि २७ हि तसेच परत गेले. एकालाहि पहिल्या टप्प्यापर्यंत पोंचतां आलें नाहीं.

ह्या आंकड्यांच्या मागें एक कोंपर होतें. १९६४ च्या ऑगस्टमध्यें पडल्यामुळें तें दुखावलें, आणि १९६५ च्या वसंतांत एके सकाळीं सगळा हात काळानिळा झालेला त्याला आढळला. डॉक्टरांनीं संधिवाताचें निदान केलें, आणि असेंच चालू राहिल्यास पुढें हाताचा उपयोग कायमचा कमी होईल, असें बजावलें. त्यानंतर दोन वर्षें तो खेळला, तीं कशीं? सामन्यापूर्वीं आग पेटल्यासारखें झोंबणारें मलम, सामन्यानंतर बर्फाच्या पाण्यांत हात, मधून मधून सांध्यांत सुई, आणि पोट बिघडविणाऱ्या गोळ्या. हात पुरता सरळ होत नसे. कोटाची डावी बाही शिंप्याकडून आंखूड करून घ्यावी लागली. १९६६ सालीं, अशाच हातानें, ३२३ डाव टाकून त्यानें २७ सामने जिंकले. नऊ डावांमागें त्याच्या माथीं पडणाऱ्या धावांची सरासरी होती १.७३. आणि त्या वर्षाच्या १८ नोव्हेंबरला, वयाच्या तिसाव्या वर्षीं, आपण खेळ सोडीत आहों असें त्यानें जाहीर केलें. आयुष्याचीं पुष्कळ वर्षें अजून उरलीं आहेत, आणि तीं धड शरीरानें घालवावीं अशी आपली इच्छा आहे, एवढाच त्याच्या सांगण्याचा आशय होता.

आमचे एक स्नेही गीतेचे जाणते आहेत. त्यांना ही हकीकत सांगितली तेव्हां ते म्हणाले, "अठरावा अध्याय पाहा. देहाला क्लेश होतील ह्या भीतीनें जो कर्म टाकतो, त्याचा त्याग राजस. त्याला त्यागाचें फळ मिळत नाहीं." आक्षेप बिनतोड वाटला, आणि कित्येक दिवस आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

आतां वाटतें तें असें. गीतेनें जी निंदा केली ती भीतीची. कोफॅक्सनें क्लेशाला भिऊन कर्म टाकलें नाहीं. क्लेश दोन वर्षें रोज भोगून, कर्म पूर्णत्वास नेऊन मग टाकलें. शिवाय गीता बोलते ती नियत कर्माविषयीं. अर्जुनानें धनुष्य खालीं ठेविलें असतें तर त्याचे आप्त, त्याचें राज्य, त्याच्या पक्षाचा न्याय सगळेंच बुडालें असतें. लॉस एंजिलिसच्या पटांगणांतील प्रेक्षकांचें काय बुडत होतें? एक संध्याकाळची करमणूक. रणांत हात गमावणें आणि लोकांच्या मौजेसाठीं हात गमावणें ह्यांस एकच माप लावणें हा धर्मविचार नव्हे. तो प्रेक्षकाचा स्वार्थ आहे, फक्त संस्कृतांत बोललेला.

आणि ऋणाची गोष्ट घ्या. १९६० सालीं तो घरीं गेला असता, तर जगाला त्याचें नांवहि ठाऊक झालें नसतें, आणि त्यानें जगाचें कांहीं बुडविलें असें कोणी म्हटलें नसतें. मग सहा वर्षें आणखी राबून, इतकें देऊन, त्याच्या खातीं कर्ज कसें वाढलें? देणारा देत गेला म्हणून घेणाऱ्याचा हक्क उत्पन्न होतो, हा सावकारीचा नवाच नियम झाला. पण गुणी माणसांशीं समाज बहुधा ह्याच नियमानें वागतो.

ह्याच मनुष्यानें एकदां दुसराहि एक नकार दिला होता. १९६५ च्या अंतिम स्पर्धेचा पहिला सामना ६ ऑक्टोबरला आला, आणि तो दिवस ज्यू लोकांच्या योम किप्पुरचा, उपवासाचा व प्रायश्चित्ताचा. कोफॅक्स फार कर्मठ होता असें नाहीं. पण त्या दिवशीं तो खेळला नाहीं. त्याच्या जागीं डॉन ड्रायस्डेल आला आणि संघ ८-२ असा हरला. पुढें सातवा, निर्णायक सामना कोफॅक्सनेंच, अवघ्या दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर, २-० असा जिंकून दिला. त्या नकाराचें कौतुक अजून होतें. ज्यू घरांतून तर मुलांना तो सांगितला जातो. देवासाठीं 'नाहीं' म्हणणाऱ्याला आपण तेजस्वी म्हणतों. स्वतःच्या हातासाठीं 'नाहीं' म्हणणाऱ्यापाशीं मात्र कारण मागतों. देह हीहि सोंपविलेलीच वस्तु आहे, हें मानणाऱ्या आपल्या देशांत तरी असा भेद होऊं नये.

एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते. हें आपलें शेवटचें वर्ष, असें त्यानें वर्षभर आधीं एका वार्ताहराला विश्वासानें सांगून ठेविलें होतें (आणि त्या वार्ताहरानें तें गुपित पाळलें, वृत्तपत्रांच्या इतिहासांत हेंहि नमूद व्हावें). मालकांना मात्र तें ठाऊक नव्हतें. १९६६ च्या आरंभीं तो व ड्रायस्डेल ह्यांनीं मिळून वेतनासाठीं अडवणूक केली, आणि कोफॅक्सनें १ लाख २५ हजार डॉलर मिळविले. मनांतलें झांकून सौदा करणें सर्वस्वीं निर्मळ नव्हे. पण दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. त्या काळच्या करारांत असें एक कलम असे कीं, खेळाडू एकदां ज्या संघाचा झाला, त्या संघानें सोडल्याखेरीज दुसरीकडे जाऊं शकत नसे. १९७५ सालच्या लवादाच्या निवाड्यानें तें बंधन ढिलें झालें. ज्याला दुसऱ्या दारीं जाण्याची मुभा नाहीं, त्याच्या हातीं घरीं बसणें एवढेंच स्वातंत्र्य उरतें. तें त्यानें गुप्त राखलें, ह्याबद्दल त्याला फार दोष देववत नाहीं. वेतनाचा मोबदला तर त्यानें पुरेपूर दिला. सहकाऱ्यांचें नुकसान मात्र खरें होतें: १९६६ सालीं आपल्या लीगमध्यें पहिला आलेला तो संघ १९६७ सालीं दहांत आठवा आला.

स्नेह्यांना हें सगळें ऐकविलें. ते हंसून म्हणाले, "तुम्ही वकील चांगले झालां असतां." त्यांचें समाधान झालें नाहीं, हें उघड आहे.

कोफॅक्सला १९७२ सालीं, छत्तिसाव्या वर्षीं, त्या खेळाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. इतक्या लहान वयांत तो आधीं कोणालाहि मिळाला नव्हता. १९७९ सालीं तो डॉजर्सकडे परत आला, तो खेळण्यासाठीं नव्हे, तर संघाच्या लहान शाखांतील मुलांना चेंडू टाकण्यास शिकविण्यासाठीं. आणि तें काम त्यानें सुमारें अकरा वर्षें केलें.