हात कोणाला मिळावा?

इस्लामपूर्व काळातील कुलाबच्या लढाईत हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक कापले गेले. त्यांनी चांदीचे नाक बसवले. त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक करून घेण्यास सांगितले. पुरुषांना सोने निषिद्ध असताना! ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. मदरशात आम्ही ती सोन्याच्या मसल्यात शिकलो. त्रास भोगणाऱ्याचे गाऱ्हाणे तेथे ऐकले गेले, हे मला फार उशिरा उमगले.

2014 साली घाटकोपर स्थानकावर रेल्वे अपघातात दोन्ही हात गमावलेल्या एका मुलीला 2020 साली परळच्या ग्लोबल रुग्णालयात चेन्नईतील मेंदूमृत तरुणाचे हात जोडण्यात आले. असे हात कोणाला मिळावेत, हे ठरवताना डॉक्टर रक्तगट, प्रकृती, मनाची तयारी पाहतात. ज्याचा हात गेला, तो काय म्हणतो?

बीड जिल्ह्यातील आमच्या मशिदीत एक नमाजी आहेत. त्यांचा उजवा पंजा कडबाकुट्टीत गेला. मी मोठ्या उत्साहाने त्यांना ही वार्ता सांगितली. ते म्हणाले, “मौलाना, माझा डावा शाबूत आहे. घास तोंडात जातो. ज्याला इस्तिंजासाठीसुद्धा दुसऱ्याचा हात लागतो, त्याला आधी विचारा. अन् सहा महिने आम्ही ऊसतोडीच्या फडावर. जन्मभराच्या गोळ्या तिथं कोण आणून देणार?”

गोळ्यांची ही शंका पोकळ नव्हे. जोडलेला हात शरीराला परकाच वाटतो. औषध थांबले की ते त्याला नाकारू लागते. 1998 साली फ्रान्समधील लिऑन येथे ज्यांना हात जोडला, त्यांनी पुढे औषधे सोडली आणि 2001 साली त्यांच्याच मागणीवरून तो काढावा लागला.

मृताचा अवयव घेण्याबाबत उलेमांत मतभेद आहेत. जिद्दा येथील फिक्ह अकादमीने 1988 साली अटींसह परवानगी दिली. आपल्याकडील अनेक मुफ्ती ती देत नाहीत. मसला अवश्य विचारावा. परंतु ‘सब्र करा’ एवढे सांगून पीडिताचे तोंड बंद करणे म्हणजे फतवा नव्हे.

निघताना त्या नमाजींनी विचारले, “वुजूत उरलेल्या हातावर पाणी घ्यायचं का?” घ्यायचे, कोपरापर्यंत जेवढा भाग उरला, तेवढा धुणे फर्ज आहे. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी सांगितले नव्हते. मीही नाही.