हक आणि मेहेरबानी

शिरीन एबादी यांना २००३ साली शांततेचं नोबेल मिळालं. तो मान मिळवणारी पहिली मुस्लिम स्त्री म्हणून त्यांचं खूप कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. मला मात्र त्यांच्या आयुष्यातला एक साधा कागद पुरस्कारापेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

त्या कागदाआधी थोडी हकीकत सांगायला हवी. हमदानमध्ये १९४७ साली जन्मलेल्या एबादी तेहरान विद्यापीठात कायदा शिकल्या, न्यायाधीश झाल्या आणि १९७५ साली तेहरानच्या शहर न्यायालयाच्या चोविसाव्या खंडपीठाच्या प्रमुख झाल्या. शहाची राजवट उलथवणाऱ्या क्रांतीला त्यांचा मनापासून पाठिंबा होता. १९७९ मध्ये ती क्रांती यशस्वी झाली आणि स्त्रीला न्यायदानाचा अधिकार नाही असं ठरलं. ज्या न्यायालयाच्या त्या प्रमुख होत्या, त्याच न्यायालयात त्यांना कारकून करण्यात आलं. माणूस तोच, शिक्षण तेच, इमारतही तीच. बदलली ती फक्त खुर्ची.

पाठोपाठ नवे फौजदारी कायदे आले. स्त्रीच्या जिवाची भरपाई, म्हणजे दिया, पुरुषाच्या निम्मी आणि साक्षही निम्मी. कौटुंबिक कायद्यातही तलाकचा हक मुख्यतः नवऱ्याकडे गेला. हे वाचल्यावर घरातली हवाच बदलली, असं एबादींनी लिहिलं आहे. नवरा चांगला होता, त्यानं काहीही केलेलं नव्हतं. तरी कालपर्यंत बरोबरीची असलेली दोन माणसं कायद्याच्या एका फटक्यानं वरखाली झाली होती. शेवटी दोघं नोटरीकडे गेले आणि नवऱ्यानं लिहून दिलं, की तलाक घेण्याचा आणि मुलांच्या ताब्याचा हक बायकोलाही राहील. तोच हा कागद.

एका माजी न्यायाधीशाला स्वतःचे हक नवऱ्याच्या सहीनं मिळवावे लागले! सही करणारा भला होता म्हणून मिळाले. पण दुसऱ्याच्या भलेपणावर टिकणाऱ्या गोष्टीला हक म्हणायचं की मेहेरबानी? आपल्याकडेही “आमच्या घरात बायकांना काही कमी नाही” असं अभिमानानं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं म्हणणं खोटं नसतं. फक्त ते मालकाच्या तोंडी असतं.

वकिलीची सनद मिळायला १९९२ उजाडलं. तोवरची कितीतरी वर्षं एबादी घरीच होत्या. मग सनंदजजवळच्या एका अकरा वर्षांच्या मुलीचं प्रकरण त्यांच्याकडे आलं. १९९६ साली तिघांनी तिच्यावर अत्याचार करून तिला ठार मारलं होतं. एकानं तुरुंगात गळफास घेतला, दोघांना मृत्युदंड झाला. पण दोन पुरुषांच्या जिवाचं मोल एका मुलीच्या जिवाहून जास्त. म्हणून त्यांना फाशी द्यायची तर फरकाची रक्कम मुलीच्या घरच्यांनी भरायची! त्यांनी राहतं घर विकलं, तरी पैसे पुरेनात.

आता खरा पेच. जो कायदा वकील बाईलाच अर्धी मानतो, त्याच्यापुढे उभं राहून न्याय मागायचा का? तसं करणं म्हणजे त्या कायद्याला मान देणं, असं म्हणणारे होते आणि त्यांचा मुद्दा हलका नाही. पण उंबऱ्यावर बसलेल्या त्या आईबापाला राज्यव्यवस्थेवर व्याख्यान नको होतं, वकील हवा होता. एबादी उभ्या राहिल्या. खटला त्यांना जिंकता आला नाही, पण कायद्याचा हा हिशेब उघड्यावर आला. मला वाटतं, त्यांनी केलं ते बरोबर केलं.

दोष धर्माचा नाही, पुरुषी अर्थ लावण्याचा आहे, ही त्यांची भूमिका. तिला आधारही आहे. स्त्रीनं काजी व्हावं का, यावर जुन्या फकीहांचंही एकमत नव्हतं. हनफींनी काही प्रकरणांत मुभा दिली, तबरींच्या नावावर तर सर्वच प्रकरणांतल्या परवानगीचं मत सांगितलं जातं. इराणनं स्त्रियांना न्यायासनावरून उतरवल्याला दहा वर्षं झाली, त्याच १९८९ साली फातिमा बीवी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती झाल्या. धर्म तोच होता.

तरी आतून सुधारणेची ती आशा एबादींना शेवटपर्यंत बाळगता आली नाही. २००९ पासून त्या परदेशात आहेत आणि २०१८ साली त्यांनी इतर चौदा जणांसह सार्वमताची मागणी केली, कारण ही राजवट सुधारण्यापलीकडे गेली आहे असं त्यांचं मत झालं होतं.

आणि तो कागद? एबादी हाती लागेनात, तेव्हा सरकारनं त्यांच्या नवऱ्याला धरलं. कोठडीत छळ करून त्याला कॅमेऱ्यापुढे बायकोविरुद्ध बोलायला लावलं. पुढे ते लग्नही टिकलं नाही. २०१६ साली आलेल्या आत्मकथनात एबादींनी हे लिहिलं आहे, नवऱ्याला दोष न देता.