काढलं, पण कुठून?

लोणी काळभोरहून फुरसुंगी फार लांब नाही. दोन्ही गावं हवेली तालुक्यातली, दोन्हीकडे शेताच्या बांधाला सोसायट्या येऊन भिडलेल्या. डिसेंबर 2022 मध्ये फुरसुंगीतल्या एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून एका सदस्याला काढलं. का काढलं, असं त्यानं विचारलं. उत्तर आलं नाही. पुढे फिर्यादीनुसार ग्रुप चालवणाऱ्या माणसाला पाच जणांनी मारहाण केली आणि त्याच्या जिभेला टाके घालावे लागले. हडपसर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. बातमी वाचून लोक हसले. ग्रुपमधून काढलं म्हणून कुणी एवढं करतं का?

मारहाणीचं समर्थन नाहीच. पण अनुत्तरित राहिलेला तो प्रश्न मला हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. अनोळखी माणसांच्या चर्चेतून कुणाला हाकललं तर तो दुसरीकडे जातो, नाव बदलतो, विसरतो. लोणीतल्या वॉर्डाच्या ग्रुपमधून काढलेला माणूस कुठे जाणार? सकाळी दूध आणायला तोच रस्ता, तीच माणसं. पाणी कधी सुटणार, तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाला रस्ता कुठून बंद, हे सगळं त्याच ग्रुपवर येतं. शिवाय ‘अमक्यानं तमक्याला काढलं’ ही बारीक ओळ सगळ्यांना दिसते. कारण मात्र कुणालाच दिसत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात 2017 पासून लागू आहे; त्याचा रोख जातपंचायतींवर आहे, ग्रुपवर नाही. तरी काढलेल्याला होणारी जखम त्याच जातकुळीची.

ॲडमिनची बाजूही अवघडच. त्याला कुणी निवडून दिलेलं नसतं; ज्यानं पहिल्यांदा नंबर गोळा केले तो ॲडमिन. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च 2021 मध्ये, गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात, सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येणार नाही, असं सांगितलं. माणूस घ्यायचा किंवा काढायचा, यापलीकडे त्याच्या हातात फारसं काही नाही, असा त्यामागचा विचार. पुढच्याच वर्षी व्हॉट्सॲपनं ॲडमिनला इतरांचे मेसेज पुसायची सोय दिली. म्हणजे आता हातात काहीतरी आलं. तरीही भांडण पेटलं की बोट जातं ते माणूस काढण्याकडेच. मेसेज पुसला तर त्याचं कारण द्यावं लागतं, माणूस काढला की विषयच मिटतो!

दुसरा सोपा मार्ग म्हणजे कुलूप. निवडणूक किंवा मिरवणूक जवळ आली, पोलिसांनी ॲडमिनना तंबी दिली, की ग्रुप ‘फक्त ॲडमिन’ होतो. त्या भीतीला आधार नाही असं नाही. 2014 साली इथून जवळच हडपसरला आक्षेपार्ह चित्रं फिरल्यानंतरच्या तणावात एका निरपराध तरुण अभियंत्याला जीव गमवावा लागला होता. अफवेच्या रात्री कुलूप लावायलाच हवं. पण ते महिनोन्महिने उघडत नाही, आणि त्या शांततेला आपण शिस्त म्हणू लागतो. ग्रामसभेतही आवाज चढतात. पण तिथे अध्यक्ष कोण ते ठाऊक असतं, इतिवृत्त लिहिलं जातं आणि आरडाओरडा करणाऱ्याला पुढच्या सभेचं दार बंद नसतं.

ग्रुपवर यातलं निम्मं तरी जमावं. आधी फोन, मग सगळ्यांसमोर कारण, मग आठवडाभर बाहेर आणि नंतर परत आत. फोनची पायरी बहुतेक जण टाळतात, कारण तिथे ‘आबा, तुमचा कालचा मेसेज जरा जास्तच झाला’ हे स्वतःच्या आवाजात सांगावं लागतं. आणि खरी अडचण आबांना सांगताना येतच नाही. शिवी पॅनलप्रमुखाच्या पुतण्यानं दिलेली असते तेव्हा येते. भाडेकरूनं पार्किंगवरून तोंड सोडलं तर तो दोन मिनिटांत बाहेर. पुतण्याच्या शिवीखाली मात्र हसरे चेहरे पडतात. त्याला काढायची छाती नसेल, तर ॲडमिननं भाडेकरूलाही काढू नये. दोघांचे मेसेज पुसावेत आणि का पुसले ते तिथेच लिहावं.