हलते, पण जोडलेले आहे का?

ग्लायडर म्हणजे सहसा बिनइंजिनाचे विमान. पुष्कळदा उड्डाण संपले की त्याचे पंख सुटे करून ट्रेलरमध्ये ठेवतात आणि पुढच्या वेळी पुन्हा जोडतात. वैमानिकाच्या हातातली दांडी आतल्या सळ्यांच्या साहाय्याने पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या फळ्या हलवते. पंख-शेपटी बसवताना या सळ्यांचे सांधेही नीट जोडावे लागतात. एखादा सांधा राहून गेला, तर ग्लायडर ताब्यात राहत नाही. या एका चुकीने अनुभवी वैमानिकांचेही प्राण गेले आहेत.

म्हणून उड्डाणापूर्वी दोघांनी मिळून एक तपासणी करायची असते. साथीदार बाहेर उभा राहून एकेक फळी तळहातांनी धरून ठेवतो आणि वैमानिक आत बसून दांडी हळूच लोटतो. दांडी अडली, तर सांधा जोडलेला आहे. ती सहज फिरली, तर मात्र धोका! फळी हलताना नुसती पाहणे पुरेसे नाही. सांधा केवळ टेकलेला असला, तरी जमिनीवर फळी हलते. हवेचा भार आला की तो निखळतो. तो भार साथीदाराचे हात आधीच देऊन पाहतात.

आपले काय? रविवारी आपण मिस्साबलीला येतो, प्रार्थना म्हणतो, शांतीच्या वेळी शेजाऱ्याला हात जोडतो. सारे सुरळीत हलते. पण तीन बाके पुढे सख्खा भाऊ बसलेला असतो. वाडीच्या बांधावरून त्याच्याशी कित्येक वर्षांचा अबोला! आपली भक्ती इतकी सोपी वाटते, ती त्या बांधाशी जोडलेलीच नाही म्हणून तर नव्हे? वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला प्रभू येशूने सांगितले, ते याचसाठी.

मग आपले परीक्षण आपण एकट्याने करू शकतो का? आत बसलेल्याला शेपटी धरता येत नाही. म्हणून प्रायश्चित्त संस्कार आहे, घरची माणसे आहेत. "अहो, भाऊजींशी कधी बोलणार?" असे पत्नीने विचारले की आपल्याला राग येतो. तो अविश्वास वाटतो. खरे तर तो साथीदाराचा हात असतो. आणि आपल्याला टोचले, म्हणजे सांधा अजून शाबूत आहे. काहीच टोचत नसेल, तेव्हा भ्यावे.

मात्र फळी धरणाऱ्यानेही जपायचे असते. फार जोर लावला तर फळीलाच इजा होते. दुसऱ्याची चूक दाखवताना आपला हात तसाच असावा: घट्ट, पण हळुवार. आपल्या माणसाने सुखरूप उडावे, एवढीच त्यामागे इच्छा असावी.

पुढच्या मिस्साबलीपूर्वी आपल्यावर प्रेम करणाऱ्या एका व्यक्तीला विचारू या, "माझे कुठे सुटले आहे?" उत्तर ऐकून घेऊ या. आणि मग त्या तीन बाकांचे अंतर आपणच चालून जाऊ या.