पाच दिवसांचं पुस्तक

जळगाव डेपोत एक कंडक्टर होता. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, ड्यूटी बहुतेक जळगाव–धुळे फेरीवर, आणि वाचनाचं वेड असं की पगार झाला की आधी वाचनालयाची वर्गणी निघायची, मग किराणा. वेबिल आणि रोकड भरून झाली की तो घरी जायचा तो वाचनालयावरूनच. कादंबऱ्या वाचता वाचता आपणही एक लिहावी असं त्याच्या मनाने घेतलं. बोलला मात्र कुणापाशी नाही. लिहिणारी माणसं पुण्या-मुंबईला राहतात, निदान कॉलेजात तरी शिकवतात, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. कितीतरी चांगल्या लिहिणाऱ्यांना या समजाने पहिल्या ओळीआधीच गप्प बसवलं आहे.

१९८४ साली जळगावात साहित्य संमेलन भरलं. शंकरराव खरात अध्यक्ष होते. कंडक्टरने ड्यूटी बदलून घेतली आणि मंडप गाठला. भाषणं त्याने मन लावून ऐकली, पण लक्षात राहिलं ते मंडपाबाहेर, चहाच्या गाडीवर कानावर पडलेलं. दोघे जण बोलत होते. एक म्हणाला, ‘साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात, पाच दिवसांत.’ दुसरा म्हणाला, ‘आणि नेमाड्यांनी ‘कोसला’? गावी सांगवीला बसून पंधरा-सोळा दिवसांत हातावेगळी केली. वय पंचवीस.’

सांगवी! यावल तालुक्यातली सांगवी. त्या बाजूच्या गाड्यांवर त्याने कितीदा तिकिटं फाडली होती. तिथे पंधरवड्यात कादंबरी होते, तर जळगावात का होऊ नये?

त्याने रजेचा अर्ज टाकला. उन्हाळ्याच्या गर्दीत रजा मिळणं कठीण, तरी साहेबांच्या मागे लागून पंधरवडा मंजूर करून घेतला. बायकोने वरची खोली झाडून दिली, पोरांना दटावलं. फुलस्केप कागदांचं रीम आलं, नवा पेन आला. पहिल्या दिवशी सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून तो लिहायला बसला.

कादंबरीचा नायक पुण्याला डेक्कनवर राहणारा प्राध्यापक होता. नायिका सतार वाजवायची. कंडक्टर पुण्याला एकदाच गेला होता, तेही एका लग्नाच्या वऱ्हाडातून. सतार त्याने फक्त रेडिओवर ऐकली होती. पण कादंबरीत अशीच माणसं असतात हे त्याला वाचून ठाऊक होतं. पहिल्या दिवशी पानं भराभर झाली, दुसऱ्या दिवशी कमी. मग एका दुपारी नायक खिडकीत पावसाकडे बघत उभा राहिला आणि तिथून हलेचना. त्याने पुढे काय करावं, काय बोलावं, हे लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं. वर पत्रे तापलेले, खाली बायको पोरांना गप्प करतेय, आणि हा एकच वाक्य खोडतोय, पुन्हा लिहितोय.

रजा संपली. कागदांचा गठ्ठा दोरीने बांधून त्याने माळ्यावर टाकला. कादंबरी झाली नाही याचं मला एवढं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्याने मनाशी जे ठरवून टाकलं त्याचं. ज्यांच्या अंगात असतं त्यांचं पाच दिवसांत होतं, आपल्या अंगात ते नाही, असं तो समजून चालला. त्याने वाचनालयाची वर्गणीही बंद केली.

दर बुधवारी पारोळ्याला नाना चढायचे. निवृत्त शिक्षक, सत्तरीला टेकलेले. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रं चाळायला जायचे. त्यांची जागा ठरलेली, पुढच्या दाराजवळची. एका बुधवारी तिकीट घेता घेता म्हणाले, ‘मास्तर, हल्ली हातात पुस्तक दिसत नाही तुमच्या.’

गाडी त्या दिवशी रिकामी होती. मुकटीपासून फागण्यापर्यंत कंडक्टरने सगळं सांगितलं. संमेलन, चहाची गाडी, रजा, प्राध्यापक, सतार. नाना हसले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘पाच दिवस तुम्ही कुठून मोजता?’

‘म्हणजे, नाना?’

‘मी अमळनेरच्या छात्रालयात होतो. गुरुजी १९२४ ला तिथे आले. प्रताप हायस्कुलात शिकवायचे आणि आम्हा पोरांना सांभाळायचे. आमच्यासाठी ते हाताने लिहून एक दैनिक काढत. ‘छात्रालय’ नाव त्याचं. दैनिक, मास्तर, साप्ताहिक नव्हे. शाळा शिकवून, आमची आजारपणं काढून, वर ते. छापायचं नव्हतं, त्याचे पैसे नव्हते, पुण्यात ते कुणी वाचणार नव्हतं. वाचणारे आम्ही, खेड्यातून आलेली पोरं. आम्हाला कळलं नाही तर ते लिहिणं फुकट. १९३० मध्ये शाळा सोडून ते सत्याग्रहात उतरले, तोवर त्यांचा हात असा चालत होता.’

धुळ्याला परतीच्या फेरीला वेळ होता. ट्रे आणि पैशांची पिशवी सांभाळत कंडक्टर नानांबरोबर चालत निघाला. तुरुंगाच्या भिंतीपाशी नाना थांबले.

‘१९३२. विनोबा इथे होते, जमनालालजी होते, गुरुजीही होते. विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. २१ फेब्रुवारीला सुरुवात, १९ जूनला शेवट. अठरा अध्याय, अठरा रविवार. ‘गीता प्रवचने’ आज घरोघरी आहे ती कशामुळे? गुरुजी समोर बसून भराभर उतरवून घेत होते म्हणून. दुसऱ्याचं बोलणं, त्याच्या शब्दांत, त्याच्या चालीत. आणि नाशिकचे ते पाच दिवस आले पुढच्या वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत. आता मोजा.’

कंडक्टर गप्प होता.

‘नेमाड्यांचंही तसंच. सांगवीहून पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेले, मुंबईत राहिले, कविता केल्या, अनियतकालिकांच्या धडपडीत होते, आणि मग परत येऊन गावी बसले. त्यांच्या कादंबरीतला पोरगाही सांगवीहूनच पुण्याला जातो. त्याला काय बोलायचं हे सुचण्यासाठी खिडकीत उभं राहायला लागलं नाही.’ जरा थांबून नाना म्हणाले, ‘तुमच्या गाडीत दिवसभर माणसं बोलत असतात. तुम्ही नुसती तिकिटं फाडता. रोज एक बोलणं उतरवा. कादंबरीचं नावही काढू नका.’

हे काम त्याला हलकं वाटलं, खरं सांगायचं तर अपमानाचंही वाटलं. पण नाना वडीलधारे. म्हणून जुन्या बाद फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर तो टिपू लागला. पहिलं टिपण एका म्हातारीचं. गाडी खच्चून भरलेली, म्हातारी दांड्याला धरून उभी, आणि पूर्ण तिकीट घ्यायला तयार नाही. बुधवारी त्याने कागद नानांपुढे धरला. त्यावर लिहिलं होतं: वृद्ध स्त्री म्हणाली की, ‘मी तर उभ्यानेच प्रवास करीत आहे, तेव्हा मला अर्धे तिकीट द्यावे.’

नानांनी चष्मा वर केला. ‘ही बाई असं बोलली?’

‘नाही.’

‘मग कसं बोलली?’

कंडक्टरने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हातारीच्या सुरात म्हणाला, ‘मी ते उभी शे ना भाऊ, मंग माले अर्धं तिकीट दे!’

आजूबाजूच्या चार सीटवरची माणसं वळून हसायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, ‘बराबर शे तिन्हं!’ नानांनी कागद परत दिला. ‘हे लिहा.’

इथे एक सांगायला हवं. कंडक्टरची घरची बोली तावडी. पारोळ्यापुढे गाडीत अहिराणी सुरू व्हायची. तीसुद्धा त्याच्या कानात लहानपणापासून होती, आजोळ धुळ्याकडचं. पण हातात पेन आला की दोन्ही बोली लाजून कोपऱ्यात बसत आणि शाळेतलं पाठ्यपुस्तक बोलू लागे. हे त्याचं एकट्याचं दुखणं नव्हे. नाना म्हणूनच त्याला पुन्हा पुन्हा आसोद्याच्या बहिणाबाईंची आठवण द्यायचे. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या काम करता करता म्हणायच्या, आणि मुलगा सोपानदेव आणि एक मावसभाऊ ते उतरवून ठेवायचे. सोपानदेव स्वतः कवी होते. आईची गाणी पुस्तकी मराठीत बसवायला त्यांना काय वेळ लागला असता? त्यांनी तसं केलं नाही. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, वही अत्र्यांनी पाहिली, आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने ती बोली जशीच्या तशी ऐकली.

कंडक्टर शिकत गेला. आपण टिपणात आपल्या पदरची चटकदार वाक्यं घालतो हे त्याच्या लक्षात आलं. ती गाळायला त्याला बरेच महिने लागले. मुक्कामी गाडीची ड्यूटी असली की रात्री गावाच्या पारापाशी गाडी लावून, ड्रायव्हर झोपला की आतल्या दिव्याखाली तो दिवसाचे कागद वहीत उतरवायचा. एकाधिकार खरेदीच्या केंद्रावर दोन-दोन रात्री गाडीखाली झोपून आलेले कापूसवाले, चुकाऱ्याची वाट बघणारे. आखाजीला माहेरी निघालेल्या पोरी, परतीच्या गाडीत एकदम गप्प झालेल्या. सुरतच्या कारखान्यात निघालेला पोरगा आणि त्याला पोचवायला आलेला, गाडी सुटेपर्यंत फक्त पाऊसपाण्याचं बोलणारा बाप. वह्या वाढत गेल्या. कादंबरीचं नाव दोघांपैकी कुणीच काढलं नाही. वाचनालयाची वर्गणी मात्र पुन्हा सुरू झाली.

सोमवारी मुकटीला एक बाई चढायची. पन्नाशीची, कपाळ मोकळं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. धुळे कोर्टात शेताचा खटला चालू होता, दीर विरुद्ध उभा. परतीच्या गाडीतही पुष्कळदा तीच असायची आणि कागद पुढे करून विचारायची, ‘कोनती तारीख शे, भाऊ?’ कंडक्टर वाचून सांगायचा. ती बोटांच्या पेरांवर आठवडे मोजायची आणि पिशवीची गाठ पुन्हा बांधायची. गाठ बांधताना कागदाचा कोपरा दुमडू नये म्हणून दर वेळी तो आधी तळहाताने सपाट करायची. वकील काय म्हणाला, दीर कोर्टाच्या आवारात कसा तोंड फिरवून उभा होता, ती थोडं थोडं सांगायची. त्याच्या वह्यांत तिचे कितीतरी सोमवार जमले.

मग ती येईनाशी झाली. दोन सोमवार, चार सोमवार. त्याने मुकटीच्या स्टॉपवर चौकशी केली. कुणी म्हणालं, सुरतला मुलाकडे गेली. कुणी म्हणालं, दिराने समेट केला. कुणी नुसताच खांदा उडवला. एवढे सोमवार त्याने तिचा शब्द न् शब्द टिपला होता आणि तिचं पुढे काय झालं हे त्याला माहीत नव्हतं. तो तळमळला. त्या रात्री मुक्कामाच्या गाडीत त्याने वही उघडली आणि ती न आलेला सोमवार लिहिला. ती घरून निघते, रस्त्यापर्यंत येते, लांबून गाडी दिसते, आणि ती हात दाखवत नाही. का दाखवत नाही? हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण तिने काय बोलावं, कसं वळावं, पिशवीचं काय करावं, यासाठी त्याचा पेन अडला नाही. उजाडताना ड्रायव्हरने उठवलं तेव्हा हा लिहीतच होता.

बुधवारी नानांनी ती पानं वाचली. पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, ‘आता मला दाखवू नका. पूर्ण झाली की दाखवा.’

ती लगेच पूर्ण झाली नाही. मधे संप झाले, पोरीचं लग्न झालं, बदली होऊन परत आला. ऐकायला आता ड्रायव्हर होता. शेतकऱ्याचा मुलगा, कधी पुस्तक न वाचलेला. मुक्कामाला जेवण झालं की कंडक्टर त्याला एकेक प्रकरण वाचून दाखवायचा. एका प्रकरणात वकिलाची फी भरायला बाई बैल विकते. ड्रायव्हर उठून बसला.

‘थांब भो. महिना कोणता चालू आहे?’

‘जेठ.’

‘पेरणी तोंडावर आहे आणि ती बैल विकते? शेतासाठी भांडणारी बाई? ती पाटल्या विकेल. बैलाला हात नाही लावायची.’

‘पण पुढच्या प्रकरणात बैल नसणं मला लागतं.’

‘तुझ्या गोष्टीला लागत असेल. तिला नाही परवडायचं.’

दोघांची रात्री उशिरापर्यंत हुज्जत झाली. कंडक्टर दोन दिवस चिडून होता, कारण ते प्रकरण त्याला स्वतःला फार आवडलं होतं. पुढच्या मुक्कामाला त्याने ते काढून टाकलं आणि बाईला पाटल्या घेऊन धुळ्याच्या सराफ बाजारात पाठवलं. पाटल्या मोडायला आलेल्या बाईशी सराफ कसा बोलतो, वजन करताना ती काट्याकडे बघते की त्याच्या तोंडाकडे, हे काही त्याला गाडीत कधी ऐकायला-बघायला मिळालं नव्हतं. म्हणून सुटीच्या दिवशी सकाळीच धुळ्याची गाडी धरून तो सराफ बाजारात एका ओळखीच्या पेढीच्या पायरीवर जाऊन बसला.